बसमार्ग तोट्यात, की वस्त्या वाऱ्यावर?

आरक्षण, अत्याचार, गायरान जमिनी, शिष्यवृत्ती या प्रश्नांवर आपला समाज रस्त्यावर उतरतो, आणि तो उतरलाच पाहिजे. परंतु वस्तीच्या नाक्यावरून सुटणाऱ्या बसच्या फेऱ्या कमी झाल्या, दहा मिनिटांनी येणारी गाडी पाऊण तासाने येऊ लागली, एखादा बसमार्ग कोणालाही न विचारता बंद झाला, तर त्यावर मोर्चा निघत नाही. बस हा नगरसेवकाच्या पत्राचा विषय, चळवळीचा नव्हे, असे आपण धरून चाललो आहोत. ही समजूत आता तपासून पाहिली पाहिजे. कारण मुंबईच्या पूर्व उपनगरांत, म्हणजे गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, बैंगनवाडी, चिता कॅम्प, वाशी नाका, माहुल या पट्ट्यात बस ही सोय नाही. ती रोजगाराची, शिक्षणाची आणि दवाखान्याची वाट आहे. ही वाट बंद करणे म्हणजे माणसाला त्याच्या घरातच कोंडून ठेवणे होय.

वाहनाचा आणि माणसाच्या प्रतिष्ठेचा संबंध आपल्या समाजाला कोणी नव्याने शिकवण्याची गरज नाही. १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर सरकारी समितीचे सभासद म्हणून चौकशीच्या कामाला गेले असताना चाळीसगावला उतरले. त्यांना वस्तीवर नेण्यासाठी टांगा ठरवायचा होता. एकही टांगेवाला महाराला घेऊन टांगा हाकायला तयार होईना. शेवटी तडजोड झाली ती अशी, की टांगा भाड्याने मिळेल, पण हाकणारा मिळणार नाही. ज्याला टांगा हाकण्याची सवय नाही अशा समाजातल्याच एका माणसाने लगाम हाती घेतला, पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांना गंभीर दुखापत झाली. रस्ता होता, वाहन होते, भाडे द्यायला पैसेही होते. तरीही प्रवास नाकारला गेला. हा प्रसंग बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवला आहे.

आज कोणी वाहक तिकीट देताना जात विचारीत नाही. सार्वजनिक बसने हे मोठे काम केले आहे. एका बाकावर ब्राह्मण आणि बौद्ध, मालक आणि मोलकरीण शेजारी बसतात, तिकीट एकच. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईत पहिली मोटारबस धावली, ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा उपक्रम महापालिकेच्या मालकीचा झाला, आणि शंभर वर्षांच्या आसपासच्या या वाटचालीत बेस्टने या शहरातल्या कष्टकऱ्याला माणसासारखे प्रवास करायला शिकवले. परंतु भेदभावाचे रूप बदलते. पूर्वी टांगेवाला तोंडावर नाही म्हणत असे. आता नाही म्हणणारा माणूस समोर दिसत नाही. तो एका कागदावर "हा मार्ग तोट्यात आहे, प्रवाशांची मागणी नाही" असे लिहितो आणि गाडी यायची बंद होते. ही "मागणी" काय वस्तू आहे, ती कोण मोजतो आणि कशी मोजतो, हे समजून घेतल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही.

त्याआधी ही वस्ती येथे आली कशी, ते पाहू. १९७६ साली, आणीबाणीच्या काळात, अणुसंशोधन केंद्राच्या शेजारची जनता कॉलनी पोलीस बंदोबस्तात पाडण्यात आली आणि हजारो कुटुंबांना चिता कॅम्पच्या दलदलीच्या जागेत नेऊन टाकण्यात आले. पुढे २००० नंतरच्या दशकात रेल्वेमार्ग आणि रस्ते रुंद करण्यासाठी मुंबई नागरी परिवहन प्रकल्प आला. रुळांच्या कडेला राहणाऱ्या हजारो कुटुंबांना मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड, गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंड आणि वाशी नाक्याच्या इमारतींत हलवले गेले. या प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेलासुद्धा पुनर्वसनातील त्रुटींवरून २००६ साली काही काळ रस्त्यांच्या कामाचा निधी थांबवावा लागला होता. त्यानंतर २०१७ च्या सुमारास तानसा जलवाहिनीलगतच्या कुटुंबांना माहुलला पाठवले गेले. तेल शुद्धीकरण कारखान्यांच्या दारात बांधलेल्या त्या इमारतींत माणसे आजारी पडू लागली आणि २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाला त्यांच्या पर्यायी निवाऱ्यासाठी आदेश द्यावे लागले.

म्हणजे शहराच्या वाहतुकीसाठी, शहराच्या पाण्यासाठी, शहराच्या विकासासाठी ज्यांनी आपली घरे सोडली तेच लोक या पट्ट्यात आहेत. त्यात बौद्ध आहेत, मातंग आहेत, मुस्लिम आहेत, भटके-विमुक्त आहेत, उत्तरेतून आणि दक्षिणेतून पोटासाठी आलेले आहेत. गोवंडी-मानखुर्दचा समावेश असलेला एम पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहरातील सर्व विभागांच्या तळाशी होता. देवनारची कचराभूमी याच विभागात, पशुवधगृह याच विभागात. शहराला नको असलेले सगळे येथे आणून टाकायचे, आणि बस मात्र येथून काढून न्यायची, असा हा न्याय आहे.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर ही साधी गैरसोय नाही. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महापालिका या प्रकरणात निकाल दिला. संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो, हे तत्त्व त्या निकालाने प्रस्थापित केले. हे सर्वांना माहीत आहे. परंतु त्याच निकालातला एक मुद्दा आपण फारसा वापरत नाही. गरीब माणूस पदपथावर किंवा झोपडीत का राहतो, याचा विचार करताना न्यायालयाने म्हटले की तो कामाच्या ठिकाणाजवळ राहतो, कारण दूरवरून येण्याजाण्याचा वेळ आणि खर्च त्याच्या तुटपुंज्या कमाईला परवडत नाही. न्यायालयाने पाडकामाला सरसकट मनाई केली नाही, हे खरे. पण घर आणि काम यांतले अंतर हा उपजीविकेचाच भाग आहे, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले.

आता या तत्त्वाचा सरळ अर्थ काय होतो? दादरजवळच्या किंवा कुर्ल्याच्या रुळालगत राहणाऱ्या बाईला तुम्ही मानखुर्दच्या सातव्या मजल्यावर नेऊन ठेवले. तिचे काम जुन्या जागेजवळच राहिले. घर बदलले तेव्हा तिला २२५ चौरस फुटांची खोली दिली म्हणून पुनर्वसन पूर्ण झाले, असे सरकार म्हणते. आमचे म्हणणे असे की ती खोली आणि तिचे काम यांना जोडणारी बस हासुद्धा त्या पुनर्वसनाचाच भाग आहे. ती बस बंद केली, तर त्या कुटुंबाला दुसऱ्यांदा विस्थापित केले असे होते. पहिल्या वेळी घर गेले, दुसऱ्या वेळी काम जाते. पहिल्या वेळी निदान नोटीस मिळाली होती. दुसऱ्या वेळी तीसुद्धा नाही.

आता "मागणी"कडे येऊ. बसची मागणी कशी मोजतात? वाहकाच्या हातातील यंत्रातून किती तिकिटे निघाली, किती पास वापरले गेले, त्यावरून. म्हणजे जो गाडीत चढला तोच मोजला जातो. जो थांब्यावर चाळीस मिनिटे उभा राहून कंटाळून शेअर रिक्षात बसला, तो मोजला जात नाही. जी मुलगी गाडीची खात्री नाही म्हणून लांबचे महाविद्यालय सोडून जवळच्या, नको असलेल्या अभ्यासक्रमाला गेली, ती मोजली जात नाही. ज्या बाईने दोन घरची कामे सोडून एकच ठेवले, ती मोजली जात नाही. गच्च भरलेली गाडी थांब्यावर न थांबता पुढे निघून गेली, तेव्हा मागे राहिलेले वीस जण कोणत्याच यंत्रात नोंदले जात नाहीत. याउलट फेऱ्या कमी केल्या की लोक दुसरी वाट शोधतात, लोकांनी दुसरी वाट शोधली की तिकिटे घटतात, तिकिटे घटली की "मागणी नाही" म्हणून आणखी फेऱ्या कमी होतात. विहिरीवरचा दोर काढून घ्यायचा आणि नंतर सांगायचे की येथे कोणी पाणी भरत नाही, त्यातलाच हा प्रकार आहे.

ढोबळ आकडेच हे सिद्ध करतात. २०१० च्या सुमारास बेस्टच्या ताफ्यात साडेचार हजारांच्या आसपास गाड्या होत्या आणि रोज ४० लाखांहून अधिक लोक प्रवास करीत. २०२४-२५ पर्यंत हा ताफा तीन हजारांच्याही खाली आला आणि रोजचे प्रवासी ३० लाखांच्या आसपास राहिले. वाचकांनी स्वतः भागाकार करून पाहावा. पूर्वी एका गाडीमागे रोज साधारण नऊशे प्रवासी होते, आता हजाराच्या वर आहेत. प्रवाशांनी बसकडे पाठ फिरवली असती तर गाडीमागचे प्रवासी कमी झाले असते. ते तर वाढले आहेत. थोडक्यात, गाड्या आधी कमी झाल्या, प्रवासी नंतर. मेट्रो आली, रिक्षा वाढल्या, रस्ते तुंबले, ही कारणे आहेतच. पण मेट्रोच्या किंवा लोकलच्या स्थानकापासून वस्तीपर्यंत यायलासुद्धा शेवटी बसच लागते.

किती गाड्या हव्यात याचे मापही उपलब्ध आहे. केंद्र सरकारच्या नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी जे सेवा-मानदंड ठरवले, त्यांत दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस म्हणजे चांगली सेवा, असे धरले आहे. म्हणजे लाखामागे ६० गाड्या. २०११ च्या जनगणनेनुसार बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाखांहून अधिक. या हिशेबाने मुंबईला सात हजार चारशेहून अधिक गाड्या हव्यात. तीन हजारांहूनही कमी गाड्यांवर हे शहर चालवले गेले. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणाने तर स्पष्ट सांगितले होते की रस्ते वाहनांसाठी नसून माणसांसाठी आहेत, प्राधान्य माणसांच्या प्रवासाला द्या. धोरण कागदावर राहिले आणि रस्ता मोटारवाल्यांना मिळाला.

या पट्ट्यातला प्रवासी कोण आहे, हेही धोरण ठरवणाऱ्यांना ठाऊक दिसत नाही. कार्यालयात दहाला जाणारा आणि सहाला परतणारा बाबू डोळ्यांपुढे ठेवून वेळापत्रके आखली जातात. पण सफाई कामगाराची हजेरी भल्या पहाटे असते. चेंबूर, घाटकोपर, वाशी येथे धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायका सकाळी सातच्या आत निघतात, दुपारी परततात आणि संध्याकाळी पुन्हा निघतात. बांधकाम मजूर नाक्यावर आठच्या आत पोहोचला नाही तर त्या दिवसाचा रोज बुडतो. सुरक्षा रक्षकाची पाळी रात्री आठला सुरू होते. रुग्णालयातल्या आयाबाईला रात्री दहानंतर घरी यायचे असते. या लोकांचा प्रवास सरळ स्थानकापर्यंतचा नसतो. एका वस्तीतून दुसऱ्या वसाहतीत, मध्येच उतरून बाजारात, तेथून मुलाच्या शाळेवरून घरी, असा तो तुकड्यातुकड्यांचा असतो. बायकांचा तर विशेषच. वेळ आणि वाट या दोन्ही बाबतींत हा प्रवासी वेळापत्रकाच्या बाहेरचा आहे. म्हणून त्याची मागणी दिसत नाही. ती नसते म्हणून नव्हे.

गाड्यांच्या प्रकाराबाबतही असेच. एकेकाळी डबलडेकर गाडी एका फेरीत दीडपट-दुप्पट माणसे नेत असे. १९३७ पासून मुंबईत धावणारी जुनी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी शेवटची धावली. विजेवर चालणाऱ्या नव्या वातानुकूलित डबलडेकर त्याच वर्षी आल्या, पण फार थोड्या. उपनगरांतल्या अनेक मार्गांवर मोठ्या गाडीची जागा छोट्या गाडीने घेतली. छोटी गाडी वाईट नाही. वस्तीतल्या अरुंद रस्त्यांना ती सोयीची आहे. परंतु मोठी एक गाडी काढली तर तिच्या जागी छोट्या दोन सोडल्या पाहिजेत. एकीच्या बदल्यात एकच छोटी दिली, तर माणसे दारात लोंबकळणारच. आणि दारात लोंबकळताना बाईमाणसाची, म्हाताऱ्याची, अपंगाची काय दशा होते हे सांगायला नको.

याहून गंभीर बाब मालकीची आहे. २०१९ साली कामगार संघटनेशी झालेल्या करारात स्वतःच्या मालकीच्या ३,३३७ गाड्या कायम राखण्याचे बेस्टने मान्य केले होते. प्रत्यक्षात जुन्या गाड्या भंगारात गेल्या, नव्या घेतल्या नाहीत, आणि स्वमालकीच्या गाड्यांची संख्या हजाराच्याही खाली घसरली. त्यांची जागा भाडेतत्त्वावरील गाड्यांनी घेतली. गाडी कंत्राटदाराची, चालक कंत्राटदाराचा, आणि बेस्ट किलोमीटरमागे पैसे देणार, अशी ही पद्धत. परवडत नाही म्हणून काही कंत्राटदार मुदत संपण्याआधीच निघून गेले आणि त्यांच्या शेकडो गाड्या एका झटक्यात रस्त्यावरून नाहीशा झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये कंत्राटी चालकांनी पगारासाठी काम बंद केले, तेव्हाही वस्त्याच ताटकळल्या. ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात ३३२ क्रमांकाच्या मार्गावरील भाडेतत्त्वावरची विजेवरील बस गर्दीत घुसली आणि सातहून अधिक जीव गेले. त्या चालकाला एवढी मोठी विजेवरची गाडी चालवण्याचे पुरेसे प्रशिक्षण दिले होते काय, हा प्रश्न त्या वेळी उभा राहिला. चालकाचे कसब ही प्रवाशाच्या जिवाची हमी असते. ती हमी स्वस्तातल्या कंत्राटावर सोपवता येत नाही.

आणि येथे आपल्या समाजाने आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. बेस्टचा खाकी गणवेश हा अनेक बौद्ध आणि मागासवर्गीय कुटुंबांतला पहिला कायम नोकरीचा गणवेश होता. त्या पगारावर मुले शिकली, वकील-डॉक्टर झाली, विहारे उभी राहिली. ही नोकरी अनुच्छेद १६(४) खालील आरक्षणाने मिळाली होती. कंत्राटदाराच्या नोकरीला आरक्षण नाही, बढती नाही, निवृत्तिवेतन नाही. म्हणजे भाडेतत्त्वाच्या धोरणाने एकाच वेळी दोन गोष्टी गेल्या. वस्तीतल्या प्रवाशाची बस गेली आणि वस्तीतल्या तरुणाची नोकरी गेली. आरक्षण रद्द करण्यासाठी संविधान बदलावे लागत नाही. नोकरी कंत्राटदाराकडे दिली की काम भागते.

आता भाडे. जुलै २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपये आणि वातानुकूलित गाडीला ६ रुपये करण्यात आले. लोक बसकडे परत वळले. त्याचे स्वागत झाले, पण वाढलेल्या प्रवाशांसाठी गाड्या वाढवल्या नाहीत. ९ मे २०२५ पासून किमान भाडे ५ चे १० आणि ६ चे १२ रुपये झाले. त्यातली मेख पाहा. पाच किलोमीटरपर्यंतच्या पहिल्या टप्प्याला दुप्पट वाढ, म्हणजे शंभर टक्के. दहा किलोमीटरला १० चे १५, म्हणजे पन्नास टक्के. सगळ्यात जास्त बोजा सगळ्यात जवळचा प्रवास करणाऱ्यावर पडला. आणि जवळचा प्रवास कोण करतो? वस्तीतून स्थानकापर्यंत जाणारा, शेजारच्या वसाहतीत कामाला जाणारी. महिन्याचे २६ दिवस रोज दोन वेळा साध्या बसने जाणाऱ्या बाईचा खर्च २६० रुपयांवरून ५२० रुपये झाला, वातानुकूलित गाडी आली तर ६२४. घरातली दोन माणसे अशी जात असतील तर हजाराच्या वर. मोटारीतून फिरणाऱ्याला ही रक्कम किरकोळ वाटेल. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या एका घरच्या पगाराशी ती ताडून पाहावी.

एसटीमध्ये महिलांना मार्च २०२३ पासून अर्ध्या तिकिटाची सवलत आहे. चांगली गोष्ट आहे. पण गोवंडीची बाई रोज कामाला एसटीने जात नाही, बेस्टने जाते, आणि ही सवलत बेस्टला लागू झाली नाही. दिल्लीने २०१९ मध्ये, तामिळनाडूने २०२१ मध्ये, कर्नाटकाने २०२३ मध्ये साध्या सरकारी बसमधून महिलांना मोफत प्रवास दिला. महाराष्ट्राला फुले-शाहू-आंबेडकरांचा म्हणवून घ्यायचे आणि राजधानीतल्या मोलकरणीकडून दुप्पट भाडे घ्यायचे, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

यावर ठरलेले उत्तर येते की बेस्ट तोट्यात आहे, पैसा कोठून आणणार? पूर्वी शहर विभागातल्या वीजपुरवठ्याच्या उत्पन्नातून वाहतुकीचा तोटा भरून निघत असे. २००३ चा वीज कायदा आणि त्यानंतरचे नियामक निर्णय यांमुळे ती वाट बंद होत गेली. मग महापालिकेने तो भार उचलायला हवा होता. देशातली सर्वांत श्रीमंत महापालिका ही. तिच्या मुदतठेवी ८० हजार कोटींच्या घरात होत्या. याच महापालिकेने मरीन ड्राईव्ह ते वरळी किनारी रस्त्यावर सुमारे १३ ते १४ हजार कोटी रुपये घातले. त्या रस्त्यावर मोटार चालते, दुचाकी-तीनचाकीला बंदी. तो रस्ता वर्षाला किती तोटा करतो, असे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. रस्त्याला तोटा नसतो, पुलाला तोटा नसतो, तोटा फक्त गरिबाच्या बसला असतो. घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्यावर ऑगस्ट २०२१ मध्ये उड्डाणपूल खुला झाला. त्यावरून जाणारा शिवाजीनगरला वरून पाहतो, आणि शिवाजीनगरचा माणूस खाली बसची वाट पाहतो.

मोनोरेलचे उदाहरण तर याच पट्ट्यातले. फेब्रुवारी २०१४ मध्ये चेंबूर ते वडाळा आणि मार्च २०१९ मध्ये पुढे सातरस्त्यापर्यंत ती सुरू झाली. हजारो कोटी रुपये खर्च झाले. तेव्हाही "मागणी"चे मोठे आकडे मांडले गेले होते. प्रवासी त्या आकड्यांच्या जवळपासही गेले नाहीत. १९ ऑगस्ट २०२५ रोजी भर पावसात लोकल बंद पडल्यावर लोक मोनोकडे धावले, तर गाडी अतिभाराने वाटेतच अडकली आणि पाचशेहून अधिक माणसांना काढावे लागले. पुढच्याच महिन्यात सुधारणांसाठी म्हणून सेवा थांबवली गेली. जेथे धनदांडग्यांचे कंत्राट असते तेथे नसलेली मागणी कागदावर दिसते. जेथे कष्टकऱ्याची बस असते तेथे असलेली मागणी दिसत नाही. हा मोजणाऱ्याच्या डोळ्यांचा दोष आहे.

मागणी मोजता येत नाही असेही नाही. दरवर्षी ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनी चैत्यभूमीकडे लाखो अनुयायी येतात, तेव्हा हीच बेस्ट दादर-शिवाजी पार्क परिसरात जादा गाड्या सोडते. माणसे कोठून येणार, कोठे जाणार, कोणत्या वेळी गर्दी होणार, हे सगळे त्या दिवशी नीट कळते. जे एका दिवसासाठी जमते ते ३६५ दिवसांसाठी का जमू नये?

यात लोकशाहीचाही प्रश्न आहे. मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत मुंबई महापालिकेत निवडून आलेले सभागृह नव्हते, त्यामुळे निवडून आलेल्यांची बेस्ट समितीही नव्हती. मे २०२५ ची भाडेवाढ याच काळात झाली. ज्यांच्यावर दुप्पट भाडे लादले त्यांच्या वतीने बोलणारा एकही लोकप्रतिनिधी त्या निर्णयाच्या जागी बसलेला नव्हता. आता निवडणूक झाली आहे. मते मागायला जे वस्तीत आले त्यांना आता बसचा जाब विचारण्याची वेळ आहे.

आपण काय करायचे? पहिले काम माहितीचे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार लोकांवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय घेताना त्यासंबंधीची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करणे आणि बाधित व्यक्तींना निर्णयाची कारणे देणे हे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. म्हणून आपल्या आगारातून सुटणाऱ्या प्रत्येक मार्गावर किती फेऱ्या ठरलेल्या होत्या, प्रत्यक्षात किती झाल्या, कोणत्या रद्द झाल्या व का, कोणता मार्ग कोणत्या सर्वेक्षणावरून बंद केला, कंत्राटदाराला फेरी चुकल्याबद्दल किती दंड झाला, हे प्रश्न अर्जाने विचारावेत. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्जाला दहा रुपये लागतात, म्हणजे आजच्या एका बसतिकिटाइतके.

दुसरे काम, आपली मोजणी आपण करावी. विहारातल्या दोन-चार तरुणांनी पहाटे पाच ते रात्री अकरा पाळीपाळीने थांब्यावर वही घेऊन बसावे. गाडी किती वाजता आली, किती चढले, किती मागे राहिले, किती रिक्षाने गेले, त्यांत बायका किती, विद्यार्थी किती, हे एक आठवडा लिहावे. शेजारच्या मोहल्ल्यातल्या तरुणांनाही सोबत घ्यावे, कारण थांब्यावर उभे राहताना बौद्ध आणि मुस्लिम असा भेद नसतो. प्रशासनाच्या यंत्रात जो प्रवासी दिसत नाही तो या वहीत दिसेल. ही वही घेऊन प्रभाग समितीत जावे, नगरसेवकापुढे ठेवावी, आणि वेळ आली तर उच्च न्यायालयातही ती ठेवता येईल. न्यायालयात नुसती तक्रार टिकत नाही, तारीख-वार नोंद टिकते, हे वकिलीच्या अनुभवावरून सांगतो.

तिसरे, मागण्या नेमक्या असाव्यात. पुनर्वसन वसाहतीतून स्थानक, रुग्णालय आणि जुन्या कामाच्या ठिकाणापर्यंतची बस पुनर्वसनाचा भाग म्हणून बंधनकारक करावी. पहाटे आणि रात्रीच्या फेऱ्या तिकीटविक्रीवर अवलंबून ठेवू नयेत. कोणताही मार्ग बंद करण्याआधी वस्तीत सूचना लावून हरकती मागवाव्यात. स्वमालकीच्या गाड्या घ्याव्यात आणि चालक-वाहकांची कायम भरती आरक्षणासह करावी. पहिल्या टप्प्याचे भाडे खाली आणावे व महिलांना एसटीप्रमाणे सवलत द्यावी. मोठ्या रस्त्यांवर बससाठी वेगळी मार्गिका राखावी. बेस्टचा तोटा महापालिकेच्या अर्थसंकल्पातून भरावा, जसा रस्त्याचा आणि पाण्याचा खर्च भरला जातो.

यातली एकही मागणी अवाजवी नाही. ज्या शहराचा कचरा आपण उचलतो, ज्याच्या इमारती आपण बांधतो, ज्याच्या घरांत आपल्या बायका राबतात, त्या शहराने आपल्याला कामावर पोहोचवण्याची आणि रात्री सुखरूप घरी आणण्याची जबाबदारी घ्यावी, एवढेच मागणे आहे. "मागणी नाही" असे जे म्हणतात त्यांना मागणी कशी असते हे दाखवणे आता आपल्या हाती आहे. येत्या रविवारी विहारातल्या बैठकीत इतर विषयांबरोबर बसचा विषय घ्यावा आणि सोमवारी पहाटे वही घेऊन थांब्यावर उभे राहावे.